अर्धं पान कोरं

पुस्तिका माझ्या तळहाताएवढी आहे. बत्तीस पानं. वरचा कागद एके काळी निळा असावा, आता त्याला रंग म्हणण्यासारखं काही उरलेलं नाही. इथे निघाली तेव्हा खिडकीशी बसून मी ती उघडली आणि वास घेऊन पाहिला. लोक सांगतात, जुनी वही उघडली की लहानपणाचा वास येतो. मला सुनेच्या कपाटातल्या कपड्यांच्या साबणाचा आला.

सकाळी साडेआठला घर रिकामं होतं. मुलगा आइंडहोवनची गाडी पकडतो, सून मृणाल इथेच डेल्फ्टमध्ये सायकलने ऑफिसला जाते, नात रेवा शाळेत. मग चार वाजेपर्यंत मी आणि भिंतीतलं गरम पाण्याच्या नळांचं खुडखुडणं. इथे येऊन सहा वर्षं झाली. माणसं नाहीत असं मी म्हणत नाही. माणसं पुष्कळ आहेत, सगळी हसून हात करतात. बोलणं नाही. रेवाला मराठी कळतं, पण ती उत्तर डचमध्ये देते आणि मी ते कळल्यासारखं करते. दोघींचं बरं चाललंय.

खिडकीतून सायकलवाले म्हातारे दिसतात. पाठ अगदी ताठ, हात सैल, कोणीतरी न दिसणारी खुर्ची दिल्यासारखे बसलेले. आल्यावर पहिल्याच आठवड्यात असा एक म्हातारा कालव्याच्या पुलावरून गेला आणि माझ्या तोंडून निघालं, "मुका पाद्री!" मृणाल म्हणाली, "कोण आई?" मी म्हटलं, कोणी नाही. पण तेव्हापासून रोज दहा-वीस मुके पाद्री माझ्या खिडकीखालून जातात.

आमचं गाव मेळघाटाच्या पायथ्याशी होतं. एका अंगाला सागाचं जंगल, दुसऱ्या अंगाला संत्र्याच्या बागा, मधे कापसाची जिनिंग. जिनाचा भोंगा झाला की गावात दिवस उजाडायचा. थंडी सरताना बागा फुलायच्या आणि तो वास इतका दाट असायचा की माय म्हणायची, भाकरीलाही फुलाची चव लागते. इथल्या दुकानातली संत्री मेणासारखी चकचकीत असतात. फोडून नाकाशी धरली तरी काही बोलत नाहीत.

बागांच्या टोकाला पाद्र्याचा बंगला आणि त्याची सभेची खोली. सायकलवर तोही असाच ताठ बसायचा. तो हॉलंडचा, एवढं गावाला माहीत होतं. हॉलंड म्हणजे आम्हाला अमेरिकेचाच एखादा तालुका. मुका तो नव्हता. उलट फार शुद्ध मराठी बोलायचा, शेंबड्या पोरांनासुद्धा 'आपण' म्हणायचा. पण त्याच्या सभेत कोणी बोलत नसे, म्हणून मुका. रविवारी सकाळी खोलीत बाकं मांडायची, येतील त्यांनी बसायचं आणि गप्प राहायचं. गाणं नाही, घंटा नाही, पाणी शिंपडणं नाही. आतून कोणाला काही बोलावंसं वाटलंच तर उठून बोलायचं, नाहीतर तासाभराने पाद्री शेजारच्याचा हात हातात घ्यायचा, की संपलं. गावातले लोक सुरुवातीला घाबरले होते म्हणे, बाटवील म्हणून. मग म्हणायला लागले, याचा देव बोलत नाही, हाही बोलत नाही, बाटवील कसा?

माझी माय ती खोली झाडायची, सारवायची. सारवण वाळेस्तोवर आम्ही दोघी बहिणी ओट्यावर थांबायचो आणि सभा लागली की माय आम्हाला आत घेऊन मागच्या बाकावर बसायची. सावली असायची, आणि शेवटी गूळ-दाणे मिळायचे. त्या खोलीचा आवाज मला अजून येतो. पत्र्यावर कबुतरांच्या नखांची खरखर. पाद्र्याच्या घशातला दम्याचा बारीक सूर. जिनाच्या फाटकातून निघालेल्या बैलगाडीची लोखंडी धाव वाजत लांबून जवळ यायची आणि पुन्हा लांब जायची. मला हसू यायचं. ताई माझ्या मांडीला चिमटा काढायची, मग जास्तच यायचं. एकदा पाद्री सभेनंतर माझ्यापुढे वाकून म्हणाला, "आपण हसू नये असे नाही. हळू हसावे."

माझ्या आठवणीत त्या सभेत एकच माणूस उठून बोललं. माझी माय. अर्धा तास सगळे डोळे मिटून बसलेले, माय ताडकन उठली आणि म्हणाली, "गाय शिरली बागेत!" आणि पदर खोचून धावली. लोक हसले. पाद्री हसला नाही. डोळे न उघडता मान हलवून म्हणाला, "सत्य बोलल्या." आणि पुन्हा गप्प.

हा पाद्री लिहायचा. म्हणजे मी जन्मायच्या आधी लिहायचा, पहिली मोठी लढाई संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या वर्षांत. माणसाने माणूस मारू नये, एवढं एकच सांगायला त्याने बारा पुस्तिका लिहिल्या आणि अमरावतीला छापून घेतल्या. दुसरी लढाई लागली आणि त्याचं लिहिणं थांबलं. का ते मला ठाऊक नाही. मी पाहिला तो पाद्री स्वतःचे मोजे स्वतः रफू करणारा, बागेला पाणी देणारा म्हातारा होता आणि पुस्तिका त्याच्या भिंतीतल्या कपाटात गठ्ठ्यांनी पडून होत्या.

त्या पुस्तिकांची एक गंमत होती. प्रत्येक पानाच्या वरच्या अर्ध्यात मजकूर, खालचं अर्धं कोरं. एवढं वाचायचं, मग गप्प बसायचं, आतून काय येतं ते ऐकायचं, मगच पान उलटायचं, असा त्याचा बेत. गावात हे कोणाला कळलं नाही. कोणी म्हणे, छापणाऱ्याने फसवलं. कोणी म्हणे, साहेबाला सुचलंच एवढं. आमच्या शेजारची नर्मदाकाकू म्हणायची, "निम्मंच जेवून उठला मेला."

कपाटाला वाळवी लागली तेव्हा पाद्र्याने वाळवीतून वाचलेले गठ्ठे मायला दिले. वाचायला नाही. त्यालाही माहीत होतं, माय अंगठेबहाद्दर आहे. तो म्हणाला, "चुलीस उपयोगी पडतील." आणि पडल्या. आमच्याकडे दोन हिवाळे त्या पुस्तिकांवर चूल पेटली. मी स्वतः कितीतरी पेटवल्या. कागद चांगला होता, लगेच धरायचा.

एक ताईने ओढून घेतली. ती ही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. कुसुम नाव, पण मी ताईच म्हणायची आणि ती मला लहानी. दुसरीत असताना तिची शाळा सुटली, कारण मायला हात कमी पडत होते आणि मला कडेवर घ्यायला कोणी नव्हतं. मी चौथी शिकले, ती घरी बसून माझ्या पुस्तकावर शिकली. बाप जिनात हमाली करायचा, तिथून कापसाच्या गाठींचे आकडे टिपायच्या पेन्सिलींचे तुकडे आणायचा, नखाएवढे. ताई त्यांना बोरूच्या पोकळ काडीत खोचून लांब करायची. घरात कोरा कागद म्हणजे त्या पुस्तिकेची खालची अर्धी पानं. तिथे ती लिहायची.

ती लिहायची दुपारी. भाकरी झाल्या, भांडी राखेने घासून पालथी घातली की चुलीशेजारी कोमट राखेची ऊब असायची, तिथे ती मांडी घालून बसायची. हाताला अंबाडीच्या भाजीचा आंबट वास, केसांना खोबऱ्याच्या तेलाचा आणि धुराचा. मी तिच्या पाठीला पाठ लावून बसायची. तिची पेन्सिल चालू लागली की ते माझ्या पाठीच्या कण्यात कळायचं. मग थांबायची. बराच वेळ थांबायची. मी म्हणायची, "झालं का वं?" ती म्हणायची, "गप बस. आइकून राह्यली मी."

"काय आइकते?"

"तुले नाही समजत."

उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायला पहाटे जंगलात जायचो. जमिनीवर फुलांचा सडा, गोडसर कुजका वास, परतताना बोटं चिकट. अक्रोड काय, बदाम काय, इथे सगळं मिळतं. मोहाचं फूल वाळवून भाजलं की कसं लागतं ते मी इथे कोणाला सांगू? मृणाल पुण्याची. तिने मोह फक्त दारूत ऐकलाय.

ताई बोलायची एक आणि लिहायची दुसरं. पाद्र्याचं छापील मराठी वाचून तिला वाटायचं, लिहायचं असंच असतं. मी चौथी पास, त्यामुळे तिचं अक्षर चोरून वाचणं मला जमायचं. पण त्यात रस वाटण्यासारखं काही नसायचं. कुठे लिहिलंय, "बसले. गेला नाही." कुठे नुसतं, "नर्मदाकाकू," आणि शेजारी एक कोंबडी काढलेली. कुठे, "दोन असे काही नाही. फणी एकच, ती लहानी वापरते." मला वाटायचं, ताईला जे सुचेल ते ती लिहिते. अक्षर मात्र देखणं. 'ल'ची गाठ अशी बारीक की मुंगीने बांधावी.

एका पानावर लिहिलं होतं, "लहानीला सांगू नये."

ते वाचून मी पेटले. मला वाटलं, तिने खायला काहीतरी लपवलंय. गूळ, नाहीतर पाद्र्याकडची बिस्किटं. मी मडकी धुंडाळली, गोधड्या उलथल्या, छपराच्या वाशांत हात घातले. संध्याकाळी तिला सरळ विचारलं, "कुठे ठेवलं वं?"

"काय?"

"मले सांगू नाही असं जे हाये ते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पुस्तिका कमरेत खोचून म्हणाली, "माह्यं कायले वाचते तू? चोट्टी!" आणि हसायला लागली, खोकला येईपर्यंत हसली. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. दोन दिवस. आता हिशेब करून उपयोग नाही.

त्यापुढच्या पानांची खालची अर्धी कोरी आहेत. संत्र्याच्या बागा फुलल्या होत्या तेव्हा ताई त्या खोकल्यातच गेली. त्या वर्षी माय बागेकडचं दार उघडत नसे. पुढच्या वर्षी पाद्रीही गेला. बंगल्यात पोस्टाचं ऑफिस आलं, मग तेही हललं. ताईचा फोटो नाही. शाळेच्या पटावर तिचं नाव होतं का ते माहीत नाही, शाळा पुरात वाहून गेली. माझं लग्न पुण्याला झालं, तिथे माझी बोली घासून घासून सपाट झाली. पुस्तिका मी जपली असं नाही. पत्र्याच्या पेटीत तळाला होती, पेटी फेकली नाही म्हणून उरली.

इथे ती निघाली मागच्या हिवाळ्यात. मृणाल माझी औषधं शोधत होती, तिच्या हाताला लागली. शेवटच्या पानावर पाद्र्याचं नाव आणि मूळ गाव छापलंय. मृणाल ते वाचून जागची हलेना.

"आई, हे गाव टिलबर्गच्या बाजूला आहे. तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"कोणी विचारलं?"

तिने फोटो काढून कोणाकोणाला पाठवले. अजूनही इथे काही लोक रविवारी तसेच गप्प बसतात म्हणे, त्यांना क्वेकर म्हणतात. मुका पाद्री क्वेकर होता हे मला वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळलं. त्या लोकांमार्फत फिरत फिरत निरोप आला आणि एका शनिवारी टिलबर्गहून आगगाडीने हानेकेबाई आल्या. पाद्र्याची पुतणी. माझ्याहून मोठ्या, चौऱ्याऐंशीच्या. काकांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पाठ तशीच ताठ.

मृणालने चहा केला, चकल्या ठेवल्या. बाईंनी पुस्तिका दोन्ही हातांत धरली आणि पानं न उलटता नुसती धरून बसल्या. मग त्यांनी मृणालला काहीतरी विचारलं.

"आई, त्या विचारतायत, गावातले लोक हे वाचायचे का?"

"नाही म्हणून सांग."

"आई, असं कसं..."

"मग खोटं सांगू? चूल पेटवायचो म्हणावं."

मृणाल बोलली. बराच वेळ बोलली. 'नाही' सांगायला एवढं लागत नाही. हानेकेबाई तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी हाताने काडी ओढल्यासारखं करून दाखवलं आणि फुंकर मारली. त्यांना कळलं. त्या हसल्या, पण ते हसू मधेच राहिलं.

त्यांच्याकडे काकांची घरी धाडलेली पत्रं होती. पत्रात त्याने लिहिलं होतं की बारा पुस्तिका झाल्या, अजून एकही माणूस असा भेटला नाही ज्याने एक पान पुरतं वाचलं. मृणालने मला हे सांगितलं तेव्हा मी चकली मोडली आणि खाल्ली. काय करणार? खरंच होतं ते.

घरच्यांकडे त्याची एकही पुस्तिका नव्हती. ही मिळाली तर जुने कागद सांभाळणाऱ्या एका जागी ती पत्रांशेजारी ठेवतील, पेटीत, थंड खोलीत, कायमची. हे सगळं ठीक होतं. मी देण्याच्या बेतातच होते. तेवढ्यात मृणाल म्हणाली, "आणि आई, त्या म्हणतायत, काळजी करू नका. पेन्सिलने कोणी गिरवलंय ना, ते तिथले लोक पुसून स्वच्छ करतात."

"पुसणार?"

"अगदी हळू करतात. कागदाला काही होत नाही."

"कागदाचं कोण विचारतंय?"

मी पुस्तिका त्यांच्या हातातून काढून घेतली आणि मांडीखाली ठेवून वर बसले. अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखी दिसत असेन. मृणाल लाजेने लाल झाली.

"सांग त्यांना," मी म्हटलं, "यात यांच्या काकाचा हात कुठंय? ती छपाई आहे. हात आहे तो माझ्या बहिणीचा. मजकूर पाहिजे तर मी उतरवून देते. वरचं सगळं यांचं. खालचं माझं."

मृणालने या वेळी थोडक्यात सांगितलं. बाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत, तेच मला जड गेलं. चारची गाडी होती त्यांची. दारात त्यांनी माझा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरला.

दुसऱ्या दिवसापासून मी रेवाची एक वही घेऊन बसले. रोज घर रिकामं झालं की एक पान. वरचं अर्धं उतरवायचं, खालचं कोरं सोडायचं. बोटं आखडतात, ओळ खाली जाते, एका पानाला अकरा वाजायचे. खरं सांगायचं तर पाद्र्याने काय लिहिलंय ते मी त्याआधी कधी वाचलंच नव्हतं. सत्तर वर्षं पुस्तिका माझ्याजवळ, आणि मी वाचायची ते फक्त खालचं. उतरवताना शब्द न् शब्द वाचावा लागतो, सुटका नाही.

पाचव्या पानावर पाद्र्याने रागाबद्दल लिहिलंय. राग आला की हात उचलू नये, शब्दही उचलू नये, खाली बसावे आणि तो जाईपर्यंत बसून राहावे. सगळ्या लढाया न बसलेल्या माणसांनी केल्या, असं त्याचं म्हणणं. मी उतरवलं. पेन ठेवला. आणि खाली ताईचं होतं, "बसले. गेला नाही."

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

मग त्या दिवशी मी नियम मोडला आणि सगळी पानं वाचली. आठव्या पानावर तो म्हणतो, आपला शत्रू कोण ते शोधावे, त्याचे नाव लिहावे आणि त्या नावाजवळ थोडे थांबावे. नाव लिहिलेल्या माणसाला मारणे कठीण जाते. खाली, "नर्मदाकाकू." काकूने आमची कोंबडी धरून कापली होती, ते भांडण वर्षभर चाललं होतं. ते ताईने काढलेलं चित्र उगाच नव्हतं. अकराव्यावर तो म्हणतो, ज्यापाशी दोन आहेत त्याने एक द्यावे. खाली फणी. ताई उत्तरं देत होती. प्रत्येक पानाला. तो जिवंत होता, आमच्या घरापासून हाकेवर राहत होता, दर रविवारी तिच्यापुढे तीन बाकं सोडून बसत होता, आणि तिने एकदाही जाऊन त्याला सांगितलं नाही की मी वाचलं. मोठ्या माणसांना असं काही सांगायचं असतं हे आम्हाला कुठे माहीत होतं.

"लहानीला सांगू नये" हे एकोणिसाव्या पानावर आहे. वर पाद्र्याने लिहिलंय, ज्याला आपले निघणे जवळ आलेले कळते त्याने भिऊ नये. त्याने शांत बसून विचार करावा, की हे कोणाला सांगावे आणि कोणाला झोपू द्यावे.

मी ते पान त्या दिवशी उतरवलं नाही. उठून भांडी घासली. मशीन आहे इथे, तरी हाताने घासली. दुपारी रेवा आली, तिने डचमध्ये काहीतरी विचारलं, बहुतेक जेवलीस का असं. मी म्हटलं, हो.

महिन्याभराने वही पुरी झाली. वरचंही उतरवलं आणि खालचंही, ताईची कोंबडीसुद्धा. वरचं यांचं, खालचं माझं, हे मी बोलले होते ते आता चालेना. वरच्यावाचून खालचं म्हणजे नुसती भांड्याची आदळआपट, खालच्यावाचून वरचं म्हणजे तेच, जे त्याने पत्रात रडून लिहिलं होतं.

हानेकेबाई पुन्हा आल्या. मी पान पान काढून वर बोट ठेवलं, मग खाली बोट ठेवलं, आणि मृणालने दोन्ही सांगितलं. नर्मदाकाकूवर बाई मोठ्याने हसल्या. एकोणिसाव्याला मृणाल मधेच अडली. मी म्हटलं, "नीट सांग, पाणी पी." तिने सांगितलं. मग बाई गप्प झाल्या. मीही गप्प. मृणाल अवघडून चहा टाकायला उठू लागली, मी तिचा हात धरून खाली बसवलं. किती वेळ बसलो कोण जाणे. खालून सायकली जात होत्या. शेवटी हानेकेबाईंनी माझा हात हातात घेतला, म्हणजे संपलं.

मी पुस्तिका त्यांच्यापुढे सरकवली.

"आई, नक्की?" मृणाल म्हणाली. "वही द्या की त्यांना. पुस्तिका राहू दे तुमच्याकडे."

"मी गेल्यावर काय करशील तिचं?"

"ठेवेन ना मी."

"तू ठेवशील. रेवा रद्दीच्या निळ्या डब्यात टाकेल. तिचा दोष नाही, तिला वाचता येत नाही. वही माझ्याकडे राहील. अक्षर माझं आहे, भिकार आहे, पण मला पुरेल." मग मी बाईंकडे वळले. "पुसायचं नाही. एक काना पुसला तरी मी टिलबर्गला येईन म्हणावं."

हे भाषांतर करताना मृणाल हसली आणि बाईंनी छातीवर हात ठेवला. मग पिशवीतून त्यांनी एक छापील कागद काढला. ठेवणाऱ्या जागेचा कागद होता, वस्तू काय, कोणाची, कोणी लिहिली. काकांचं नाव त्यांनी झरझर लिहिलं. मग त्याखालच्या ओळीवर पेन थांबला.

"आई, बहिणीचं नाव विचारतायत."

"कुसुम. पुढे बापाचं लावा, लक्ष्मण. लग्न झालं नव्हतं."

मी दोनदा म्हटलं, त्यांनी हळूहळू लिहिलं. एवढ्या वर्षांत ते नाव मी मोठ्याने उच्चारलं नव्हतं, मी ताईच म्हणायची. पेन पुढे सरकून पुन्हा थांबला.

"नावापुढे कोण ते लिहायचं असतं," मृणाल म्हणाली. "काकांच्या पुढे त्यांनी लेखक लिहिलंय. कुसुममावशींच्या पुढे काय लिहू विचारतायत. लेखकाच्या ओळखीची? बहीण? काम करणाऱ्या बाईंची मुलगी?"

"वाचणारी," मी म्हटलं. "वाचणारी लिहा."

मृणालने सांगितलं. हानेकेबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदावर वाकून एक शब्द लिहिला. लहानसाच होता. मला तो वाचता आला नाही. मी बोट ठेवून नीट बघून घेतला.